मुदतीआधीच घर खाली करा म्हणतात: भाडेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो, पोरांच्या वह्यांना कव्हरं घालून झालेली असतात, आणि एका रविवारी सकाळी घरमालकांचा फोन येतो: "पुढच्या महिन्यात घर लागेल, तुमचं बघून घ्या." करार संपायला अजून सहा महिने असतात. अशा फोननंतर लोक जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या राहत्या घरांबद्दल आहेत. दुकानं आणि गाळ्यांचे नियम काही ठिकाणी वेगळे पडतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण घाबरलेल्या माणसाला तीच सगळ्यात आधी हवी असते. मालकाची बाजू बरोबर असो वा चूक, तुमचं सामान स्वतःच्या हाताने बाहेर काढायचा अधिकार त्याला नाही. तो हुकूम न्यायालय किंवा कायद्याने नेमलेला सक्षम प्राधिकारीच देऊ शकतो.

१. माझा करार "लिव्ह अँड लायसन्स"चा आहे. म्हणजे मी भाडेकरूच ना?

बोलीभाषेत हो, कायद्याच्या भाषेत नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये मालक तुम्हाला घर वापरायची परवानगी देतो, घरातला हक्क देत नाही. ही परवानगी कशी द्यायची आणि कशी काढून घ्यायची, हे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ यात सांगितलं आहे. खरी भाडेपट्टी असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं संरक्षण मिळतं. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

फरक मोठा आहे. भाडेकरूला काढायला मालकाला कायद्यातलं ठरावीक कारण सिद्ध करावं लागतं. परवानाधारकाच्या, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याच्या बाबतीत मुदत संपली एवढंच पुरतं. म्हणूनच शहरांतले मालक गेली कित्येक वर्षं लिव्ह अँड लायसन्सच करतात. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता, त्यांना तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने थेट भाडेकरूचा दर्जा दिला होता. त्या धक्क्यानंतर मालक कागदाला फार जपू लागले.

नुसत्या शीर्षकावर सगळं ठरत नाही. कागदाचं नाव काय यापेक्षा दोघांचा खरा व्यवहार काय होता हे पाहायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितलं आहे. पण राहत्या घराचा नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर १९९९च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्यात लिहिलेलं निर्णायक पुरावा धरलं जातं. अशा वेळी "मी खरं तर भाडेकरू आहे" ही लढाई फार अवघड. पुढची बहुतेक उत्तरं लिव्ह अँड लायसन्सची आहेत. पागडीवाल्यांनी, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन जुनी भाडेदारी घेतलेल्यांनी, थेट प्रश्न १५ पाहावा.

२. अकरा महिन्यांतले पाचच झालेत. मालक मध्येच करार मोडू शकतो का?

करार काढा आणि "रद्द करणे" किंवा "टर्मिनेशन" हे कलम शोधा. तिथे साधारण तीनपैकी एक गोष्ट सापडते.

पहिली: दोघांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. असं असेल तर मालकाला तो हक्क आहे आणि त्याने कारण सांगायचीही गरज नाही. वाईट वाटलं तरी हे तुम्ही सही करून मान्य केलेलं असतं.

दुसरी, आणि इथे लोक फार हरतात. आमच्यापर्यंत आलेल्या पुष्कळ करारांत वाक्य असं असतं: परवानाधारकाने भाडं थकवलं किंवा अटी मोडल्या, तर मालक एक महिन्याच्या नोटिशीने करार रद्द करू शकेल; परवानाधारकालाही एक महिन्याची नोटीस देऊन घर सोडता येईल. नीट वाचा. तुम्हाला कारण लागत नाही, मालकाला लागतं. तुम्ही भाडं वेळेवर देत असाल आणि अट मोडली नसेल, तर या कलमाखाली त्याला करार मोडता येत नाही. मालकाने फोनवर "एक महिन्याची नोटीस आहे ना करारात" म्हटलं की लोक तेच खरं मानतात आणि पेट्या भरायला लागतात. आधी अर्धं वाक्य नाही, पूर्ण वाक्य वाचा.

तिसरी: लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडायचा नाही अशी अट. ते प्रश्न ३ मध्ये.

३. लॉक-इन सहा महिन्यांचा आहे. तो मालकालाही लागू होतो का?

शब्दांवर अवलंबून आहे. "दोन्ही पक्षांना" असं असेल तर होतो. "परवानाधारक या काळात घर सोडणार नाही" एवढंच असेल तर तो फक्त तुम्हाला बांधतो. एजंटने पुढे केलेल्या छापील मसुद्यात बहुतेकदा दुसरंच असतं. सही करताना "दोन्ही पक्षांना" हे दोन शब्द घालून घ्या. मुदतीआधी परवाना काढून घेता येणार नाही असं दोघांनी करारात ठरवलं, तर तशी अट ग्राह्य धरता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली मानलं आहे. त्यामुळे ही अट नुसती शोभेची नाही.

४. नोटिशीचं कलमच करारात नाही. मग?

१८८२च्या कायद्याचं कलम ६० म्हणतं, परवाना देणारा तो काढून घेऊ शकतो. अपवाद दोन. परवाना मालमत्तेच्या हस्तांतरणाशी जोडलेला असेल, किंवा परवान्याच्या भरवशावर तुम्ही खर्च करून कायमस्वरूपी बांधकाम केलं असेल. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन बसवलं म्हणजे कायमस्वरूपी बांधकाम झालं, असं समजून चालू नका.

पण त्याच कायद्यात आणखी दोन कलमं आहेत आणि ती मालक कधी सांगत नाहीत. कलम ६३: परवाना काढून घेतला तरी निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळालाच पाहिजे. कलम ६४: मोबदला देऊन घेतलेला परवाना तुमची काही चूक नसताना मुदतीआधी मोडून तुम्हाला काढलं, तर नुकसानभरपाई मागता येते. भरपाईचं पुढे प्रश्न ९ मध्ये.

५. नोटीस व्हॉट्सॲपवर आली आहे. ती धरायची का?

करारात "लेखी नोटीस, अमुक पत्त्यावर, रजिस्टर्ड पोस्टाने" असं असेल तर मालकाने तसंच केलं पाहिजे. काहीच नसेल तर व्हॉट्सॲप किंवा ईमेलवरचा मजकूर अगदीच बिनकामाचा ठरत नाही. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावाही चालतो. म्हणून "ही नोटीसच नाही" म्हणत गप्प बसू नका. त्याच माध्यमावर सभ्य शब्दांत उत्तर द्या: करार अमुक तारखेपर्यंत आहे, भाडं चुकलेलं नाही, करारातल्या कोणत्या कलमाखाली रद्द करता ते लेखी कळवा.

उत्तर देताना "ठीक आहे काका, बघतो" असं लिहू नका. भिडस्तपणाने लिहिलेले हेच शब्द पुढे "त्यांनी मान्य केलं होतं" म्हणून दाखवले जातात.

६. मालक म्हणतात, मुलाचं लग्न ठरलंय, घर आम्हालाच हवंय. हे कारण चालतं का?

भाडेकरूच्या बाबतीत "मालकाची स्वतःची प्रामाणिक गरज" हे १९९९च्या कायद्याच्या कलम १६ मधलं कारण आहे, पण ते न्यायालयात सिद्ध करावं लागतं (प्रश्न १५). लिव्ह अँड लायसन्समध्ये लग्न, परदेशातून परत येणं, आजारी आईला आणणं यांपैकी कोणतंही कारण करार मोडायचा वेगळा हक्क देत नाही. हक्क करारातल्या कलमानेच मिळतो.

कारण खरंही असू शकतं. ज्या घरात दोन वर्षं राहिलो, ज्यांनी अडीअडचणीला डिपॉझिट सांभाळून घेतलं, त्यांच्या घरात खरंच गरज उभी राहिली असेल, तर तडजोड करणं कमीपणाचं नाही. फक्त ती लेखी करा. किती दिवस, कोणत्या तारखेला किल्ली, डिपॉझिट कधी, शिफ्टिंगचा आणि नव्या दलालीचा खर्च कोण देणार. मुदतीआधी निघण्याची ही किंमत मागायला लाजू नका. गरज त्यांची आहे.

७. कामावरून आलो तर कुलूप बदललेलं. वीज-पाणी तोडायचीही धमकी आहे. काय करू?

ही सगळ्यात वाईट वेळ आणि इथे तासांना किंमत असते.

आधी दाराचा, नव्या कुलपाचा, बाहेर ठेवलेल्या सामानाचा तारीख-वेळ दिसेल असा व्हिडिओ घ्या. शेजारी आणि वॉचमन यांना दाखवून ठेवा, ते उद्याचे साक्षीदार आहेत. मग ११२ वर फोन करा. कुलूप स्वतः तोडू नका. त्या एका हातोडीने तक्रारदाराचे तुम्ही आरोपी होता.

ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. प्रसंगाप्रमाणे भारतीय न्याय संहितेतली कलमं लागू शकतात: बेकायदा अडवणूक (कलम १२६), फौजदारी अतिक्रमण (कलम ३२९), धमकी (कलम ३५१). आत अडकलेली औषधं, मुलांचं दप्तर, कामाचा लॅपटॉप, दागिने यांची यादी तक्रारीतच लिहा.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जा. न्यायालयात दोन वाटा आहेत. एक, मनाई हुकूम आणि ताबा परत मिळण्यासाठी तातडीचा अर्ज. दुसरी, विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ चं कलम ६. कायद्याची वाट न धरता ताब्यातून काढलं असेल तर मालकी कोणाची या वादात न शिरता ताबा परत मागता येतो, पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. मुंबईतल्या एका उपाहारगृहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट सांगितलं: स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा राहण्याचा हक्क संपला असं धरलं तरी, मालकाला कायद्याची वाट सोडून काढता येत नाही.

यात एक खाच आहे. मोबदला न देता, आपुलकीने किंवा राखणदार म्हणून राहणाऱ्याला हे संरक्षण असंच मिळत नाही. गोव्यातल्या एका घराच्या वादात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याचा ताबा मालकाच्या वतीने असतो. म्हणून भाड्याचा प्रत्येक हप्ता बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा. रोख देत असाल तर पावती घ्या. भाडेकरूला पावती देणं १९९९च्या कायद्याने मालकाला बंधनकारकच केलं आहे.

वीज-पाण्याचं: भाडेकरूचा आवश्यक पुरवठा तोडायला कलम २९ मनाई करतं आणि न्यायालय तो पुन्हा सुरू करायला लावू शकतं. वीज ही मूलभूत सोय आहे, तिच्यापासून माणसाला वंचित ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली भाडेकरूच्याच प्रकरणात म्हटलं. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी मनाई हुकमाच्या अर्जातच पुरवठ्याची मागणीही घालावी. वीजबिल तुमच्याकडे असेल तर ते थकवू नका, नाहीतर तोडायचं कारण तुम्हीच हातात देता.

८. पोलीस म्हणाले, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." आता?

करार मोडला का, डिपॉझिट किती द्यायचं, हे दिवाणीच आहे. त्यात पोलिसांनी पडूही नये. पण कुलूप लावणं, धमकावणं, सामान फेकणं ही वेगळी बाब आहे. तक्रार लिहिताना कराराचा इतिहास चार ओळींत आटोपा आणि त्या दिवशी काय झालं तेच तपशीलवार लिहा. तीन पानं भाड्याच्या वादाची आणि शेवटी एक ओळ कुलपाची, अशी तक्रार वाचणारा "दिवाणी" म्हणणारच.

तरीही नोंद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवता येते. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आयुक्तालयाच्या शहरात उपायुक्तांकडे पाठवा.

९. मुदतीआधी काढलं तर भरपाई किती मागू शकतो?

कायद्यात आकडा नाही. कलम ६४ खाली (प्रश्न ४) प्रत्यक्ष झालेलं नुकसान दाखवावं लागतं. नवीन दलाली, टेम्पो, नव्या कराराचा नोंदणी खर्च, उरलेल्या महिन्यांत त्याच भागातल्या तशाच घरासाठी द्यावं लागलेलं जास्तीचं भाडं. बिलं ठेवा. "मनस्ताप" या शब्दावर भरपाईचा आकडा उभा राहत नाही.

खरं सांगायचं तर एवढ्यासाठी दावा लढणारे थोडेच. पण वकिलाच्या नोटिशीत हा हिशोब मांडला की मालकाची बोलण्याची पट्टी बदलते, हे अनेकदा पाहिलं आहे.

१०. डिपॉझिट "घर रिकामं झाल्यावर बघू" म्हणतात. किल्ली आधी देऊ का?

नाही. किल्ली आणि डिपॉझिट एकाच वेळी, एकाच टेबलावर.

आमच्या घरी हे घडलं आहे. वडील साध्या मनाचे, मालक ओळखीचे. शब्दावर किल्ली दिली. पैसे सात महिन्यांनी आले, तेही रंगाचे म्हणून पंधरा हजार कापून. घर घेताना भिंतींवर आधीच ओल होती, पण आमच्याकडे एक फोटो नव्हता. वडिलांनी तेव्हा सात महिन्यांत जेवढे फोन केले, तेवढे त्यांनी आम्हा मुलांना वसतिगृहावरही कधी केले नव्हते. म्हणून हा प्रश्न आला की मी उत्तर जरा लांबवतो.

घर घेतानाच प्रत्येक खोलीचा, नळाचा, भिंतीचा, पंख्याचा व्हिडिओ काढून मालकांना पाठवा. सोडताना पुन्हा तेच करा. वीज, गॅस आणि सोसायटीची तुमच्या वाट्याची बिलं भरून पावत्या ठेवा. वापराने होणारी साधी झीज, म्हणजे फिकट झालेला रंग किंवा सैल झालेली कडी, हे नुकसान नव्हे. "भाड्याने राहून गेल्यावर रंगाचा एक महिना कापायचा" ही प्रथा सगळीकडे दिसते, पण करारात लिहिली नसेल तर ती नुसती प्रथाच आहे.

किल्ली देताना एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या: तारीख, ताबा दिला, इतकं डिपॉझिट अमुक व्यवहार क्रमांकाने मिळालं, कोणाचं काही देणं उरलं नाही. मालक परदेशात असेल तर त्याच्या वतीने येणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र आहे का ते पाहा. बँकेत पैसे जमा झाल्यावर किल्ली द्या.

मालक पैसे देत नाही म्हणून मुदत संपल्यावरही घर धरून बसणं मात्र धोक्याचं. का, ते प्रश्न १४ मध्ये.

शेवटच्या महिन्यांचं भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करा, असं अनेक जण सुचवतात. मालकाने लेखी होकार दिला तरच करा. नाहीतर "भाडं थकवलं" हे कारण त्याला फुकट मिळतं (प्रश्न २).

११. भाडं वाढवा नाहीतर पुढच्या महिन्यात निघा, असं सांगितलंय.

मुदत चालू असताना करारातलं भाडं एकट्या मालकाला वाढवता येत नाही. वाढ द्यायला नकार देणं म्हणजे अट मोडणं नव्हे. ठरलेलं भाडं ठरलेल्या तारखेला पाठवत राहा. त्याने परत पाठवलं तर त्या व्यवहाराची नोंद जपून ठेवा आणि "भाडं द्यायला तयार आहे" असं लेखी कळवा. मुदत संपल्यावर नवा दर सांगायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

१२. मालकाने फ्लॅट विकला. नवा मालक म्हणतो, तुमच्या कराराशी माझा संबंध नाही.

लिव्ह अँड लायसन्समध्ये तो बऱ्याच अंशी बरोबर आहे, हे सांगताना मलाही बरं वाटत नाही. १८८२च्या कायद्याचं कलम ५९ म्हणतं, घर घेणारा आधीच्या मालकाने दिलेल्या परवान्याने आपोआप बांधला जात नाही. तरीही तो कुलूप बदलू शकत नाही (प्रश्न ७), आणि निघायला वाजवी वेळ (प्रश्न ४) मिळायला हवा. नुकसानभरपाई आणि डिपॉझिट मागायचं ते ज्याने करार केला आणि पैसे घेतले त्या जुन्या मालकाकडे, जोपर्यंत नव्या मालकाने ते लेखी स्वतःकडे घेतलेलं नाही.

खरी भाडेपट्टी असेल तर चित्र उलटं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्याच्या जागी येतो आणि तुमची भाडेदारी चालू राहते.

घर बघायला गिऱ्हाईकं येऊ लागली की विचारायला लाजू नका. नव्या मालकासोबत उरलेल्या मुदतीचा करार तेव्हाच मागता येतो, व्यवहार झाल्यावर नाही.

१३. दारावर बँकेची नोटीस लागली. मालकाने कर्ज थकवलंय. आम्ही काय चूक केली?

काही नाही, पण झळ तुम्हालाच आधी लागते. २००२च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली, बँक तारण घराचा ताबा घेऊ शकते. भाडे कायद्याखालच्या खऱ्या भाडेकरूला बँक या कायद्याच्या जोरावर सरसकट काढू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटलं. २०१९च्या निकालात मात्र नोंदणी आणि पुरावा नसलेल्या भाडेदारीबद्दल भूमिका कडक झाली. कर्जाच्या तारणानंतर, बँकेला न विचारता झालेला अकरा महिन्यांचा परवाना फार तग धरत नाही.

करार, भाड्याच्या नोंदी, वीजबिल घेऊन बँकेच्या अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि ताब्याची तारीख विचारा. भाडेदारीचा दावा कर्ज वसुली न्यायाधिकरणापुढे मांडता येतो. ताब्याच्या कारवाईविरुद्ध अर्जाची मुदत ४५ दिवस आहे. नवीन घर घेताना "यावर कर्ज आहे का, हप्ते चालू आहेत का" हा प्रश्न डिपॉझिट देण्याआधी विचारा.

१४. करार संपला, नूतनीकरण झालं नाही, मी भाडं देत राहतोच आहे. चालेल ना?

भाडं स्वीकारलं जातंय म्हणून निर्धास्त राहू नका. मुदत संपल्यावर मालक १९९९च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदत संपली आहे एवढी खात्री झाली की ताबा सोडण्याचा हुकूम निघतो. शिवाय मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. महिना २० हजार असेल तर ४० हजार.

समन्स आलं तर ३० दिवसांच्या आत, बचाव करण्याची परवानगी मागणारा अर्ज प्रतिज्ञापत्रासह दाखल करावा लागतो. "तारखेला जाऊन तोंडी सांगू" असं म्हणत लोक हे दिवस घालवतात आणि मग एकतर्फी हुकूम होतो. या हुकमावर अपील नाही, फक्त राज्य शासनाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो.

ही जलद वाट मुदत संपण्यावर उभी आहे, हे लक्षात ठेवा. मुदत चालू असताना "प्राधिकाऱ्याकडे जाऊन आठ दिवसांत काढतो" अशी धमकी आली, तर करारातली शेवटची तारीख दाखवा.

१५. आम्ही पागडीचे जुने भाडेकरू. मालक पुनर्विकासाचं नाव काढून लवकर जा म्हणतोय.

तुमचं संरक्षण सगळ्यांत भक्कम आहे. भाडं देत असाल किंवा द्यायला तयार असाल, तर कलम १६ मधल्या कारणांशिवाय काढता येत नाही: पोटभाडेकरू ठेवणं, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, उपद्रव, सहा महिने विनाकारण जागा न वापरणं, मालकाची प्रामाणिक गरज वगैरे. थकबाकीसाठीही आधी नोटीस आणि मग ९० दिवसांची वाट पाहावी लागते. गरजेच्या कारणात हाल कोणाचे जास्त होतील, मालकाचे की तुमचे, हेही न्यायालय तोलतं. गरज सांगून ताबा घेतला आणि महिन्याभरात राहायला आला नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला दिलं, तर ताबा परत मागता येतो.

दावा मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतो. पुनर्विकासात क्षेत्रफळ, पर्यायी जागा आणि तिथलं भाडं नोंदलेल्या करारात आल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.

१६. करार नोंदवलेलाच नाही. माझी बाजू लंगडी झाली का?

उलट. १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करारही लेखी आणि नोंदलेला असावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने वेगळं सिद्ध करेपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

"नोंदणीचा खर्च फार" हे कारण टिकत नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. महिना २० हजार, डिपॉझिट एक लाख, अकरा महिने, असा हिशोब केला तर शुल्क ६०० रुपयांच्या आत येतं. वर नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये.

मालकाकडे प्रत अडकली असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये करार शोधता येतो.

१७. मालकाची हरकत नाही, सोसायटीच म्हणते बॅचलर नकोत, महिनाअखेर निघा.

सोसायटीचं नातं सभासदाशी आहे, तुमच्याशी नाही. ती तुमचा करार रद्द करू शकत नाही. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर ती सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. मात्र भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली आहे का, याची खात्री मालकाकडून करून घ्या. ते राहिलं असेल तर सोसायटीला बोट ठेवायला जागा मिळते.

१८. घर कंपनीने घेतलंय, मी तिथे राहतो. माझे हक्क काय?

करार कंपनीच्या नावाने असेल तर नोटीस, डिपॉझिट, भरपाई सगळं कंपनीचं. शिवाय एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या, बँका आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांना दिलेल्या जागांना १९९९चा कायदा लागूच होत नाही. मालकाचा फोन आला की त्याच दिवशी कंपनीच्या प्रशासन विभागाला ईमेल करा. स्वतः काही कबूल करू नका.

१९. "नव्या भाडे कायद्यात दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही" असा मेसेज फिरतोय. खरं का?

तो नियम केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडे कायद्यातला आहे. हा नमुना आहे, राज्याने स्वीकारून स्वतःचा कायदा केल्यावरच लागू होतो. महाराष्ट्रात १९९९चाच कायदा चालतो. असा मेसेज मालकाला पाठवून भांडू नका. तो चुकीचा निघाला की तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचंही वजन जातं. गोव्यात वेगळा कायदा आहे, १९६८चा.

२०. वकिलाचे पैसे नाहीत. कुठे जाऊ?

तुमच्या जिल्हा किंवा तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं किंवा समितीचं कार्यालय असतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. दूरध्वनी १५१००. जाताना करार, भाड्याच्या नोंदी, आलेली नोटीस आणि घराचे फोटो एका पिशवीत घेऊन जा. तारखा आठवून एका कागदावर क्रमाने लिहून नेल्यात तर पहिल्याच भेटीत अर्ज तयार होतो.